चिठ्ठीसकट कोट

आमच्या घरात एक पत्र्याचा डबा होता. त्यात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आम्हा तिघांच्या कपड्यांना दुकानात लटकवलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या. नवं कापड घरात आलं की आधी भिंतीवरच्या फोटोपुढं ठेवायचं, मेणबत्ती लावायची, आणि मग आबा दाढीच्या पात्यानं चिठ्ठीचा दोरा कापायचे. चिठ्ठी डब्यात, कपडा अंगावर. तो दोरा दुसऱ्या कुणी कापलेला त्यांना चालत नसे. एकदा आईनं घाईत नव्या परकराचा दोरा दातानं तोडला तर आबा दिवसभर तिच्याशी बोलले नव्हते.

फोटोत निळा कोट होता. आमच्या लोकांना नवं, धुतलेलं, इस्त्रीचं कापड घालून ताठ चालायला फोटोतल्या त्या माणसानं शिकवलं, असं आबा सांगायचे. स्वतः ते कोल्हापुरात एका फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, मोल्डिंगला होते. तिथं काळ्या वाळूत दिवस काढायचा, पण घरून निघताना पांढरा शर्ट आणि कडक इस्त्री. गेटवर पोचून कपडे बदलायचे आणि सुटी झाली की हातपाय धुऊन परत तोच शर्ट. शेजारीपाजारी हसायचे, "साहेब निघाले कामाला." आबा मान हलवून पुढं जायचे.

जुन्या कपड्यांचं त्यांचं आणखी एक विचित्र खूळ होतं. कॉलनीत भांडेवाली यायची, जुन्या साड्या-पँटींवर स्टीलचं पातेलं द्यायची. सगळ्यांच्या घरी तिची भांडी होती, आमच्याकडं एक वाटीसुद्धा नव्हती. आमचे कपडे विटले की आबा त्यांची बटणं काढून घेत आणि कापडाच्या टराटरा चिंध्या करत. फौंड्रीत हात पुसायला लागायच्याच. पातेल्यासाठी आई कुरकुरायची, तेव्हा म्हणायचे, "आपलं उतरलेलं दुसऱ्याच्या अंगावर जायाचं न्हाय, आणि दुसऱ्याचं आपल्या." ते एवढंच म्हणत, आणि मला ते तेव्हा निव्वळ हट्टीपणाचं वाटायचं.

मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट. पंच्याण्णवच्या आसपासची. गल्लीच्या टोकाला एक बाई राहायच्या, शाळेत शिक्षिका होत्या, मनानं फार चांगल्या. वर्गात माझा पहिला नंबर आला म्हणून त्यांनी मला घरात बोलावून लाडू दिला आणि त्यांच्या मुलीला तोकडा झालेला एक गुलाबी फ्रॉक दिला. झालरीचा होता, मागं बो होता. मी तिथंच तो चढवला आणि गल्लीतून गिरक्या घेत घरी आले.

आबा दारात बूट काढत होते. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. मला वाटलं रागावले. राग मला ओळखता यायचा, पण हे काहीतरी वेगळं होतं.

"कुणाचा हाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"काढ. आधी काढ. भाईर कुणी बघितलं न्हाय न्हवं?"

मी रडायला लागले. आईनं मला आत नेलं आणि फ्रॉक काढला. आबांनी तो स्वतः धुतला, वाळवला, इस्त्री केला आणि दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी नेऊन दिला. "पोरीला बसत न्हाय वो बाई," असं हात जोडून सांगितलं म्हणे. मला तो चांगला सैल बसत होता. त्याच संध्याकाळी ते मला सायकलवर पुढं बसवून महाद्वार रोडला घेऊन गेले आणि एकशे चाळीस रुपयांचा पिवळा फ्रॉक घेतला. तेव्हा आमच्यासाठी ती किंमत म्हणजे डोक्यावरून पाणी होतं. फोटोपुढं मेणबत्ती, पातं, दोरा, डबा, सगळं झालं. मग मला समोर बसवून आबांनी ती गोष्ट सांगितली.

त्यांचं गाव बिद्रीकडचं. आमच्या लोकांनी धम्म घेतला त्याच्या आधीची गोष्ट, आबा तेव्हा पाच-सहा वर्षांचे. गावात कुणी मेलं की त्याच्या अंगावरचं कापड आमच्या लोकांनी न्यायचं, असा रिवाज होता. आमच्या घरातल्या बायांची लुगडी तशीच आलेली, पुरुषांचे शर्ट तसेच. गावातल्या एका मोठ्या घरातला पोरगा तापानं गेला आणि त्याचा निळ्या पट्ट्यांचा सदरा माझ्या आज्यानं आणला. आबांच्या मापाचा होता. आयुष्यातला पहिला धड सदरा, मग काय, अंगातनं काढेचनात.

पंधरा दिवसांनी ते गल्लीत गोट्या खेळत होते. तिकडून त्या मेलेल्या पोराची आई पाणी घेऊन आली. तिनं सदरा पाहिला आणि डोक्यावरची घागर खाली टाकली. आधी तिला वाटलं तिचाच पोरगा बसलाय. ती पोराचं नाव घेत धावत आली आणि जवळ येऊन तोंड पाहिल्यावर किंचाळली. मग तिनं सदऱ्याला हात घातला. "माझ्या लेकराचा हाय, काढ, माझ्या लेकराचा हाय." बटणं तुटली, बाही फाटली. लोक जमले. कुणी तिला अडवलं नाही, आणि आबांना तर कुणी हातही लावणार नव्हतं. ती सदरा छातीशी धरून रडत गेली आणि आबा गल्लीच्या मध्यभागी नागडे उभे राहिले.

"तिची काय चूक न्हवती," आबा मला म्हणाले. "पोरगं गेलतं तिचं. पण तवापास्नं मला वाटतंय, दुसऱ्याचं अंगावर असलं की त्यो कवाबी येऊन काढून घेणार."

मी नऊ वर्षांची होते. त्या दिवसापासून ती भीती माझी झाली. मैत्रिणीचा स्वेटर, मावसबहिणीची ओढणी, काही उसनं अंगावर घेतलं की मी रस्त्यात मागं वळून बघायची.

हे सगळं माहीत असूनही पुढं मी जे केलं ते केलं.

एमसीएच्या शेवटच्या वर्षाला होते. दोन हजार आठ-नऊचा सुमार, मंदीचे दिवस. आमच्या फौंड्रीवाल्या कोल्हापूरला ती सगळ्यांत आधी कळली. आबांचं काम आठवड्यातून तीन दिवसांवर आलं होतं. पांढरा शर्ट मात्र ते रोज घालायचे आणि काम नसलं की शिवाजी पुतळ्यापर्यंत चालून परत यायचे. अशात पुण्याच्या एका कंपनीनं मला मुलाखतीला बोलावलं. मेलमध्ये कोट सक्तीचा लिहिला होता. हातात दहा दिवस होते.

शिंपी पंधरा दिवसांच्या खाली बोलायला तयार नव्हता. तयार कोट पाहून आले, किंमत वाचून हँगर परत अडकवला. आबांना सांगितलं असतं तर त्यांनी कुठूनही, काहीही करून नवा कोट आणला असता. मला तेच नको होतं. ती नोकरी मला माझ्यासाठी हवी होती आणि त्या रिकाम्या चकरांसाठीही हवी होती.

राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत मी संध्याकाळी लहान मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. तिथं एका जाहिरातींच्या साइटवर लोक जुने मोबाइल, स्कूटर, कपाटं विकत. सहज शोधलं आणि सापडलं. लेडीज कोट, नेव्ही ब्लू, एकदाच घातलेला, पुणे, सहाशे रुपये. फोटो एवढासा आणि धूसर. कॅफेवाले काका मागून डोकावले.

"बघितल्याबिगर घेतीस व्हय? पाण्यात म्हैस आन् वर मोल!" ते म्हणाले. "आणि जुनं ते जुनंच की गं, परवडंल का?"

"परवडेल," मी म्हणाले. माझ्या मनात दुसरंच चाललं होतं.

फोन लावला. पलीकडं एक बाई, पुण्याचं स्वच्छ मराठी किंचित नाकात बोलणाऱ्या. म्हणाल्या, "अगदी नवाच आहे हो, निःशंक घ्या." मी माप विचारलं, बाही विचारली आणि मग विचारू नये ते विचारलं.

"कोट तुमचाच ना? म्हणजे तुम्ही स्वतःच घालत होता ना?"

"हो, माझाच. लग्नानंतर बसेना. का बरं?"

"नाही, सहज." जिचा कोट तिच्याशीच बोलत होते, म्हणजे ती जिवंत होती.

बँकेत पैसे भरले आणि पत्ता कॅफेचा दिला. पार्सल येईपर्यंतचे चार दिवस मी ज्या भीतीत काढले ती आज हसण्यावारी नेता येते, तेव्हा नाही. कुरियरवाला चुकून घरी आला तर? काका रस्त्यात आबांना भेटले आणि बोलून गेले तर? दारावर टकटक झाली की मी आईच्या आधी धावायची. आई म्हणाली, "मुलाखतीचं एवढं काय घ्यायचं भ्या?" मी म्हणाले, हो, त्याचंच.

कोट आला. धूसर फोटोत दिसला नव्हता तो काखेतला फिकट डाग, एक बटण वेगळं, अस्तर खिशाजवळ उसवलेलं. त्या बाईंच्या सेंटचा गोड वास घडीघडीत बसलेला. एकदाच घातला होता म्हणे! मी बाही आखूड करून घेतली, बटणं बदलली, ड्रायक्लीनला दिला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कॉलरच्या आतल्या पट्टीवर कुठल्यातरी लाँड्रीनं न पुसणाऱ्या शाईत एक नंबर टाकला होता. तो मी ब्लेडनं खरवडला, जात नाही म्हटल्यावर ती पट्टीच उसवून काढली. वास गेला असं मला वाटायचं आणि परत नाकाशी धरला की यायचा.

आणि तरी तो घरी कसा न्यायचा? नवा म्हणून न्यायचा तर चिठ्ठी हवी. चिठ्ठी नसलेलं कापड आबांच्या हातात देणं म्हणजे आपणहून कबुली देण्यासारखं होतं. दुकानांत मागायची लाज वाटली. मग आई पाण्याला गेलेली आणि आबा बाहेर असताना मी तो डबाच उघडला. वरच्या चिठ्ठ्या त्यांच्या लक्षात असणार, म्हणून तळातून एक काढली. जुनी, पिवळट, त्यावर बॉलपेननं एकशे चाळीस. मला वाटलं, कुठल्यातरी शर्टाची असेल. मी पुढं एक शून्य दिलं. चौदाशे. नव्या दोऱ्यानं बाहीच्या टोकाला बांधली.

मी स्वतःला हुशार समजत होते. माणूस घाबरला की त्याला आपल्या प्रत्येक युक्तीत अक्कल दिसते.

"सेलमध्ये मिळाला आबा," मी म्हणाले. "शिकवणीच्या पैशातनं घेतला."

आबांनी कोट दोन्ही हातांवर घेतला. फोटोपुढं ठेवला. निळ्या कोटापुढं निळा कोट. आईनं मेणबत्ती लावली आणि कौतुकानं हात फिरवला, "मऊ हाय गं." आबांनी पातं घेतलं, चिठ्ठी चिमटीत धरली, उलटी केली, परत सुलटी केली. किती वेळ गेला कोण जाणे. आता विचारतील, आता तोंड पांढरं पडेल, आता म्हणतील काढ.

त्यांनी पातं खाली ठेवलं.

"दोरा र्‍हाऊ दे," ते म्हणाले. "जाऊन ये. मग कापू."

आई चकित झाली. "आवं, चिठ्ठी लोंबकळत जायाची व्हय पोरगी?"

"बाहीत सारायची. तोडायची मातर न्हाय." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा होत होतं, आणि मला त्याचा अर्थच लागेना. त्यांना कळलं असतं तर ते बोलले असते. कळलं नसेल तर दोरा कापला असता. दुसऱ्या दिवशी ते मला स्टँडवर सोडायला आले. एसटी हलली तेव्हा नुसतं म्हणाले, "बाही बघून घे."

पुण्यात मावशीकडं उतरले. तिथं गेल्यावर एक नवीनच भीती डोक्यात शिरली. कोट पुण्याचा होता. ती बाई पुण्यात होती. बसमध्ये, रिक्षाच्या रांगेत, जी बाई माझ्याकडं दोनदा बघेल ती तीच. मला स्वतःलाच सांगायला लागायचं की बाई, एवढ्या मोठ्या शहरात तुझ्या कोटाकडं बघायला कुणाला वेळ आहे. पण भीतीला कुठं पटतं!

मुलाखतीला तिघं बसले होते, दोन पुरुष आणि एक बाई. बाई चाळिशीच्या असतील. बोलायला लागल्या आणि मला फोनवरची बाई आठवली. तेच स्वच्छ मराठी, तोच किंचित नाकातला आवाज. पुण्यात असे आवाज हजारांनी असतील, हे मला आज कळतं. त्यांनी दोन प्रश्न विचारले, मी काय उत्तरं दिली देव जाणे. त्या माझं ऐकत नव्हत्या, बघत होत्या. कोटाकडं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या,

"एक मिनिट. तो कोट..."

माझा हात आपोआप वरच्या बटणाकडं गेला. मी ते सोडवलंसुद्धा. खोटं सांगत नाही, काढून देणार होते. घ्या, तुमचा आहे, ओरडू नका एवढंच, असं तोंडापर्यंत आलं होतं. सहा वर्षांचे आबा माझ्या डोळ्यांपुढं उभे होते.

"बाहीतून चिठ्ठी लोंबतेय तुमच्या," बाई हसल्या. "नवा दिसतोय. राहिली का घाईत?"

"हो," मी म्हणाले. "नवाच आहे."

तिघंही हसले, मीही हसले, आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं ते त्यांना दिसलं नाही. पुढचं सगळं मी नीट सांगितलं. तीन आठवड्यांनी नोकरीचं पत्र आलं. पण सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं.

दुपारची गाडी पकडून दिवेलागणीला कोल्हापुरात उतरले. आबा स्टँडवर होते, पांढऱ्या शर्टात. मुलाखत कशी झाली, हे त्यांनी विचारलं नाही. माझी बाही धरली, चिठ्ठी चाचपली आणि सोडली. घरी आल्यावर मेणबत्ती लावली, पातं काढलं, दोरा कापला. डबा उघडून त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या फरशीवर ओतल्या, ती एक डब्याच्या तळात ठेवली आणि बाकीच्या तिच्यावर परत भरल्या.

"पिवळ्या फ्रॉकची हाय ती," ते म्हणाले. "शून्य निळं दिसतंय, बाकीचं इटलंय."

मी भिंतीला टेकून खाली बसले. आईला काही कळेना. मी तिथंच सगळं सांगून टाकलं, नेट कॅफे, पुण्याची बाई, उसवलेली पट्टी. "आबा, चुकले मी. पण मग तेव्हाच का नाही बोलला तुम्ही?"

"बोलून काय करू? तुला जायाचं हुतं."

"आणि दोरा? दोरा का ठेवला?"

आबा डब्याचं झाकण लावत होते. ते नीट बसेना, दोनदा दाबावं लागलं.

"म्हणलं तिथं कुणी उठून म्हणालं, ह्यो माझा कोट हाय, तर? तुझ्यापाशी दाखवायला चिठ्ठी तरी असंल."

ते आदल्या संध्याकाळपासून जेवले नव्हते, हे मला नंतर आईनं सांगितलं. मी पुण्यात भीत होते तेव्हा ते इथं बसून तेवढंच भीत होते, आणि मला अडवलं मात्र नव्हतं.

मग त्यांनी मला पहिल्यांदा सरळ विचारलं.

"कुणी वळखलं न्हाय न्हवं?"

"न्हाय आबा. कुणीच न्हाय."

त्यांनी डबा फोटोखाली ठेवला. कोट उचलून झटकला, खांद्याच्या शिवणीवरनं हात फिरवला आणि खुंटीवर आपल्या पांढऱ्या शर्टाशेजारी अडकवला.

"मग परवडला की," आबा म्हणाले.